अष्टफलक : एका शब्दाची कुळकथा



समुद्रपूरच्या बाजारातून काचेसारखी स्वच्छ दिसणारी तुरटी आणा. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, पाणी गाळून घ्या, भांडे कोणी हलवणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा आणि वरून एक दोरा आत सोडा. चार-सहा दिवसांनी दोऱ्याला बारीक खडे धरलेले दिसतील. त्यांतला नीट वाढलेला एखादा खडा बोटांत धरून फिरवा. एक टोक वर, एक खाली, मधे चार कोपरे. आणि सगळीकडून मिळून आठ त्रिकोणी अंगे. दोन चौरस पायांचे मनोरे पायाला पाय लावून चिकटवावेत, तसा आकार. गणितात याचे नाव अष्टफलक.

हा शब्द मला प्रथम भेटला तो छडीबरोबर. शाळेचे नाव सांगत नाही. गुरुजी म्हणाले, ‘अष्टफलक काढ’, आणि मी फळ्यावर ऐटीत आठ कोनांची आकृती काढली. हातावर छडी बसली. पण चुकले काय, ते कोणी सांगितले नाही. पुढे स्वतः शिकवू लागलो, तेव्हा दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी तीच आकृती काढताना पाहिला. शब्द फोडून न सांगता पाठ करायला लावला, की असेच होणार!

अष्टकोन ही सपाट आकृती, कागदावर मावणारी. अष्टफलक हा घन, जागा अडवणारा. फलक म्हणजे फळी, पाटी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा सूचनाफलक तोच, आणि आपले ‘फळी’ व ‘फळा’ हे शब्दही त्याच फलकापासून झालेले. म्हणजे बघा, ज्या फळ्यावर मी चूक केली, त्याच फळ्याच्या नावात उत्तर दडलेले होते! ग्रीक लोकांनी या घनाला जे नाव दिले, त्यात आठ या अर्थाचा ‘ओक्ता’ आणि बसण्याची जागा या अर्थाचा ‘हेद्रा’ असे दोन शब्द आहेत. त्यांना घनाचे अंग बैठकीसारखे वाटले, आपल्याला फळीसारखे. बसायचा पाट डोळ्यांपुढे आणला, तर दोन्ही कल्पना फार लांबच्या नाहीत.

युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागात अष्टफलकाचा विचार केला आहे. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथ पंडिताने हा ग्रंथ अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृतात आणला.

पण आपल्या देशात हा आकार पंडितांच्या आधी जवाहिऱ्यांच्या हाती होता. खाणीतून निघणारा हिरा पुष्कळदा याच घाटाचा असतो. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे प्रकरण आहे. तिथे उत्तम हिऱ्याची लक्षणे देताना कोटी सहा, पार्श्वे आठ आणि धारा बारा असे सांगितले आहे. कोटी म्हणजे टोके, पार्श्वे म्हणजे अंगे, धारा म्हणजे कडा. तुरटीचा खडा हातात घेऊन मोजा; हिशेब बरोबर जुळेल. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने नियम मांडला, की अशा घनात टोके आणि अंगे यांची बेरीज कडांपेक्षा दोनाने अधिक भरते. सहा आणि आठ चौदा. बारा आणि दोन चौदा. आता यावरून ‘ऑयलरचा नियम आमच्या पुराणात होता’ असे मात्र कोणी म्हणू नये. नियम तिथे नाही. तिथे आहे ती नीट मोजणारी नजर, आणि तिचे मोल काही कमी नाही.

ही नजर आपल्या मुलखालाही परकी नव्हती. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे.

या पार्श्वाचा एक दूरचा भाऊ आपल्या बोलण्यात रोज येतो. तो म्हणजे पैलू. फारसीतल्या ‘पहलू’वरून तो मराठीत आला; आणि पहलू व पार्श्व यांचे मूळ एकच, बरगडी या अर्थाच्या जुन्या शब्दात. मग कोणी विचारील, घनाला सरळ अष्टपैलू का म्हणू नये? शब्द गोड आहे, ओळखीचा आहे. माझेही मन आधी तिकडेच ओढले होते. पण भाषेत शब्दाचे घर एकदा बदलले की बदलले. अष्टपैलू म्हटले की मुलाला फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणारा खेळाडू आठवतो, तुरटीचा खडा नव्हे.

मातृभाषेतून शिक्षण हा विचार 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ठामपणे पुढे आला. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर नागपुरात शास्त्रीय शब्दांचे कोश रचीत होते. त्यांच्या काही शब्दांना लोक हसलेही. महाराष्ट्रात 1960 साली भाषा संचालनालय निघाले आणि पुढे परिभाषाकोश झाले. मराठी विश्वकोशातही स्फटिकांच्या वर्णनात अष्टफलक हाच शब्द येतो. शब्द घडवणाऱ्यांनी आपले काम केले. तो मुलाच्या हातात देण्याचे काम मात्र कोशाला जमत नाही, ते मास्तरांचे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. अष्टफलक म्हणजे फक्त तुरटीचा घाट नव्हे. आठही अंगे सारखी, समभुज त्रिकोणांची असतील, आणि प्रत्येक टोकाशी चार-चार त्रिकोण मिळत असतील, तर तो सुसम अष्टफलक. नुसते अष्टफलक म्हटले तर सपाट अंगे आठ असली की पुरे. बाहेरून कुठेही खळगा नसलेल्या अशा घनांचे, अंगांच्या जोडणीवरून, 257 प्रकार होतात!

त्यांतला एक प्रत्येक दप्तरात असतो. म्हणून आता एखाद्या मुलाने फळ्यावर अष्टकोन काढला, की मी त्याच्या हातात टोक न काढलेली सहा कडांची पेन्सिल देतो आणि म्हणतो, ‘अंगे मोज.’ तो सहा मोजतो आणि थांबतो. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने तो पेन्सिल उभी धरतो, वरचे टोक पाहतो, मग उलटी करून खालचे पाहतो, आणि म्हणतो, ‘सर, आठ!’