३ डिसेंबर : बहिणाबाईंचा गोतावळा

जळगावजवळच्या असोद्यात उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरी १८८० मध्ये नागपंचमीला एक मुलगी जन्मली. घमा, गना, घना हे तिचे भाऊ. अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. भावांची नावं तर जणू ओवीतच बसवायला ठेवलेली! तेराव्या वर्षी नथूजी खंडेराव चौधरींशी लग्न होऊन ती जळगावला आली. तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरात ओंकार, सोपान आणि काशी. त्यात ओंकारला प्लेगने कायमचं अपंगत्व आलं.

शेत आणि जातं मात्र थांबलं नाही. अक्षरओळख नसलेली ही बाई दळता-कांडता लेवा बोलीत गाणी रचायची. सोपानने एका संध्याकाळी शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. सकाळी जात्यावर त्याच गोष्टीचं गाणं तयार! पोरगा ऐकत ऐकत लिहीत गेला. त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरींनीही गाणी टिपून घेतली. एवढी दोन माणसं घरात नसती, तर ही गाणी पिठाबरोबरच संपली असती.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपान, म्हणजेच सोपानदेव, तोवर कवी म्हणून नावारूपाला आले होते, पण आईची वही त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली ती नंतर. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये छापून आली. पुस्तक हातात घ्यायला आई नव्हती.