उन्हाच्या मुलखातला मुडदूस

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. हा पट्टा कमी पावसाचा, उन्हाला इथे तोटा नाही. डिसेंबरात दिवस सगळ्यांत लहान होतो, तेव्हाही भर दुपारी इथल्या माणसाची सावली त्याच्या उंचीहून आखूडच पडते. सावली अशी आखूड असते, तेव्हा त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोचतात. ग्लासगोच्या हिवाळ्यात ते महिनोन्महिने जवळजवळ पोचतच नाहीत. मग ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पाडणारा मुडदूस महाराष्ट्रात व्हावाच का?

याचं उत्तर नाशिकमध्ये सापडलं.

हचिसन आणि शहा या डॉक्टरांचा मुडदुसाच्या कारणांवरचा निबंध १९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. नाशिक भागातल्या गरीब कष्टकऱ्यांचं जेवण निकृष्ट, पण दिवस सगळा उघड्यावर जायचा. त्यांच्या पोरांना मुडदूस नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत. पडदा पाळणारी मुसलमान कुटुंबं आणि वरच्या जातींतली हिंदू कुटुंबं, दोन्हींकडे. तिथे बाळ-बाळंतीण कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडलेली असत. मुलगी मोठी होऊ लागली की तिचंही अंगण सुटे.

मुडदूस झालेल्या बाळाची टाळू लवकर भरत नाही. मनगटं जाड होतात, बरगड्यांवर गाठी हाताला लागतात आणि मूल उभं राहू लागलं की अंगाच्या भाराने पाय वाकतात. मुलींच्या नशिबी याहून वाईट होतं. कमरेची हाडं मऊ पडून आत दबली की बाळंतपणात बाळाला वाट मिळत नसे आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेते. घराण्याची अब्रू म्हणून पाळलेल्या रीतीची ही किंमत बाईच्या हाडांनी मोजली.

उन्हाचा अभाव हेच मुडदुसाचं मूळ, असं थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टराने १८९० मध्येच मांडलं होतं. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याखाली मुलं बरी केली, तर त्याच सुमारास इंग्लंडात मेलनबीने कुत्र्यांच्या पिल्लांवर कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखवला. दोष उन्हाचा की अन्नाचा, हा वाद त्यामुळे पेटलेलाच होता. अशा वेळी, अन्न बरं पण ऊन नाही अशी नाशिकची घरं पुढे आली. हा पुरावा प्रयोगशाळेत मिळणारा नव्हता. तेलातल्या गुणकारी घटकाला मॅकॉलम या शास्त्रज्ञाने ‘ड’ हे नाव दिलं ते १९२२ मध्येच. माशाचं तेल जे पोटातून देतं तेच ऊन त्वचेत घडवतं, हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं.

तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपल्याकडची रीत मायेची आहे. ऊबही मिळते. पण सकाळी सूर्य खाली असतो, किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि कामाचे अतिनील किरण वाटेतच बरेचसे गळून जातात. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तसंच. तामलवाडीच्या टोलनाक्यावर काच वर करून बसलेल्या प्रवाशाला ऊन चटके देतं, पण ‘ड’ घडवणारे किरण काचेबाहेरच राहतात.