साखरखेर्डा ते सप्टेंबर १९४८ : हिशेब कुणी द्यायचा?

माझं गाव साखरखेर्डा. बुलडाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. बाहेरच्या लोकांना ते प्रल्हाद महाराजांमुळे माहीत असतं. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते एका लढाईमुळे येतं. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची गाठ इथं पडली. दिल्लीच्या बादशहाची फूस मुबारिझखानाला होती. तो हरला आणि मारला गेला. निजामानं गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं आणि मुबारिझखानाचं शीर, बंडखोराचं शीर म्हणून, त्याच बादशहाकडे पाठवून दिलं. बादशहानं ते मुकाट्यानं स्वीकारलं आणि पुढं निजामाला आसफजाह हा किताब दिला.

बंडखोर कोण होता, हे लढाईनंतर ठरलं. जो जिंकला त्यानं ते ठरवलं. शाळेत हा धडा मला नुसता सनावळीचा वाटला होता. त्याचा अर्थ कळायला मला नानीची गोष्ट समजून घ्यावी लागली.

निजामाची राजवट आमच्या गावच्या रणांगणावर उभी राहिली आणि २२४ वर्षांनी संपली. ती संपली तेव्हा आमचं गाव तिच्यात नव्हतं. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या हातात गेलं होतं. पण सरहद्द काही कोसांवरच होती आणि सोयरीक दोन्हीकडे होती. माझी नानी सरहद्दीपलीकडची, मराठवाड्यातल्या एका विणकर घरातली. १९४८ साली ती आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या तोंडी ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द कधीच आला नाही. ती ‘पुलिस ॲक्शन’ म्हणायची आणि पुढचं बोलणं थांबवायची. तिच्या अब्बांना गावातल्या इतर बाप्यांबरोबर बाहेर नेलं, ते परत आले नाहीत. शेजारच्या साळ्याच्या घरानं मायलेकींना दोन रात्री मागाच्या खड्ड्यात लपवलं आणि तिसऱ्या रात्री छकड्यात घालून वऱ्हाडात पोचवलं. एवढीच गोष्ट. त्या मृत्यूचा कागद नाही, की कबर नाही.

ही गोष्ट सांगताना तिच्या आधीचं पान फाडून टाकता येत नाही. कासिम रझवी लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनी खेडी लुटली, जाळली, माणसं मारली. आमच्या वऱ्हाडात सरहद्द ओलांडून आलेली पहिली माणसं मुसलमान नव्हती. ती रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून आलेली हिंदू कुटुंबं होती. रझाकारांनी आपल्यातलाही विरोधी आवाज सोडला नाही. भारतात सामील व्हा असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये खून केला. हा हिशेब आम्ही मुसलमानांनी मोठ्यानं वाचला पाहिजे. शोएबुल्लाह खानांचं नाव आमच्या किती मुलांना माहीत आहे?

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. जनतेचा लढा खरा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं उभी राहिलेली माणसं खरी होती. त्यांना स्वातंत्र्य मिळालं, याचा आनंद मला आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं, तेही खरं आहे.

त्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री नोव्हेंबरअखेर संस्थानात आले. २१ डिसेंबरपर्यंत ते १६ पैकी ९ जिल्हे फिरले. त्यांनी पाचशेहून अधिक लोकांच्या जबान्या ऐकल्या. त्यांचा अंदाज, आणि तोही हात राखून केलेला, २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. काही ठिकाणी खुद्द सैनिकांनी प्रौढ मुसलमान पुरुषांना बाहेर काढून मारल्याचं त्यांनी लिहिलं. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवलं, विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नानीचा मागाचा खड्डा कुणीतरी पाहिला होता!

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो छापला गेला नाही आणि कित्येक दशकं दप्तरात पडून राहिला. ए. जी. नूरानी यांनी तो २०१३ साली आपल्या पुस्तकात दिला. तोवर नानी गेली होती.

आता दुसरी बाजू पाहा. कासिम रझवीवर खटला चालला. बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली. त्याची दाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९५३ मध्ये तिथं निकाल लागला. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला. म्हणजे ज्याच्या नावानं लोक थरथरत होते, त्यालाही आरोप, पुरावा आणि अपील मिळालं. कायद्याचं राज्य यालाच म्हणतात आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण नानीच्या अब्बांवर आरोप कोणता होता? त्यांचा पुरावा कुणी तपासला? रझवीनं केलेल्याची किंमत त्यांनी का मोजली? गुन्हा माणूस करतो, कौम करत नाही. न्यायालयानं रझवीला लावलेलं माप सप्टेंबरनंतर खेड्यापाड्यांत कुणालाच लावलं गेलं नाही. मारल्या गेलेल्यांना नाही आणि मारणाऱ्यांनाही नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. त्यानं गोऱ्या राजवटीचे अत्याचार ऐकले, तसेच मुक्तीसाठी लढणाऱ्यांच्या हातून घडलेलेही ऐकले. त्यामुळे मुक्तीचा लढा लहान झाला नाही. आपल्याकडे निदान तीन माणसं गावोगाव फिरली होती. त्यांचं लिहिलेलं वाचायचंही धाडस आपण केलं नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं. ते व्हायलाच हवं. माझं मागणं लहान आहे. ज्या गावात रझाकारांनी मारलेल्यांची नावं लिहिली आहेत, तिथं सप्टेंबरनंतर मेलेल्यांचीही लिहा. आणि शेवटी दोन रात्री मागाच्या खड्ड्यावर बसून राहिलेल्या त्या साळ्याचंही लिहा. त्याचं नाव नानी शेवटपर्यंत दुआमध्ये घ्यायची.