कुंकू, मरण आणि करमाळ्याचा स्टॅम्पपेपर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना जेऊर मागे पडले की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातल्या या गावाची ओळख कुंकवाची. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लागला की ती लाल होते. घरोघरच्या या जुन्या कृतीची जागा पुढे तयार कुंकवाने घेतली आणि त्या धंद्यात केमचे नाव झाले.

याच कुंकवाच्या आधाराने मराठीने नवऱ्याच्या मरणाची एक सबंध भाषा उभी केली. कुंकवाचा धनी म्हणजे नवरा. ‘तिचं कुंकू पुसलं’ म्हटले की कोण गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. बाई आधी गेली तर ‘भरल्या कपाळानं गेली’, ‘अहेव गेली’, आणि तिच्या मरणातही लोक भाग्य पाहत. बायको गेलेल्या पुरुषासाठी ‘विधुर’ हा शब्द आहे खरा, पण त्याच्या अंगावरून काहीच उतरत नाही.

एरवी मरणाच्या बाबतीत मराठी माणूस शब्द फार जपून वापरतो. वडीलधाऱ्यांना कोणी ‘मेले’ म्हणत नाही. ते ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाघरी गेले’. छापील पत्रिकेत तर शब्दावरून घरचा पंथही कळतो. केमचे ग्रामदैवत उत्तरेश्वर, म्हणजे महादेव. शिवभक्ताच्या घरी ‘कैलासवासी’ शोभते. पंढरपूर केमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, तेव्हा माळकऱ्याचे ‘वैकुंठगमन’ होते. लिंगायत घरात माणूस ‘लिंगैक्य’ होतो. मुसलमान गृहस्थ मराठी वर्तमानपत्रात ‘पैगंबरवासी’ झाले, ख्रिस्ती गृहस्थ ‘ख्रिस्तवासी’. ६ डिसेंबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. तो दिवस ‘महापरिनिर्वाण दिन’ म्हणूनच पाळला जातो. गेलेला माणूस कुठे पोचला, हे प्रत्येक घर आपल्या शब्दात सांगते.

मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला मात्र ‘वाढवणे’ हे क्रियापद आले. दिवा विझवला म्हणायचे नाही, बांगडी फुटली म्हणायचे नाही, मंगळसूत्र तुटले म्हणायचे नाही, सगळे वाढते. अशुभ तोंडातून निघू नये, एवढाच त्यामागचा हेतू. चालत्या संसारात बांगडी पिचली तर ‘वाढवली’ म्हणण्यात मायाच असते. पण नवऱ्याचे प्रेत दारात असताना जमलेल्या बायका नव्या विधवेचे हात धरून चुडा फोडतात, कपाळ पुसतात, जोडवी काढतात आणि त्यालाही तोच शब्द लावतात, तेव्हा त्या शब्दामागे जबरदस्ती झाकली जाते.

ही रीत जातीजातीत वेगवेगळी होती. ब्राह्मण आणि काही उच्च मानलेल्या जातींत केशवपन आणि आलवण (विधवेचे तांबडे लुगडे) होते, पुनर्विवाहाला मज्जाव होता. इतर अनेक जातींत पाट किंवा मोहतूर लावून बाई पुन्हा संसार मांडू शकत होती. कुंकू आणि बांगड्या उतरवणे मात्र या सीमा ओलांडून पसरलेले होते. १८५६च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला. १८९३मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले. वपन हळूहळू गेले, पुनर्विवाह रुळला. पण अंत्यविधीच्या वेळी बाईच्या कपाळाकडे जाणारा हात थांबला नाही.

त्याला अडवण्याची ताजी चळवळ केमच्याच तालुक्यातून उठली. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या पत्नीवर झालेली बळजबरी पाहिली. आपण गेल्यावर आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिले. हा विचार कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडला पोचला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. मे २०२२मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले.

या ठरावात ‘वाढवणे’ नाही. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे: बंद करायची एकेक कृती तिच्या उघड्या नावाने सांगितली आहे. जे घडते ते सरळ शब्दांत मांडल्याशिवाय त्याला मनाई करता येत नाही, हे ग्रामसभेने नेमके ओळखले.

पुढच्याच वर्षी उलट दिशेने एक प्रयत्न झाला. एप्रिल २०२३मध्ये महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. लग्नपत्रिकांत ‘सौ.’च्या शेजारी ‘गं. भा.’ पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले आहे. पवित्र नद्यांची नावे जोडूनही बाईला वेगळ्या रांगेत बसवणारी ही खूण नको, असे म्हणत महिला संघटनांनी जोरदार विरोध केला.

ठराव झाला तरी खरी कसोटी दुःखाच्या पहिल्या काही तासांत लागते. नातलग जमलेले असतात, विधवेला वाद घालण्याचे त्राण नसते आणि ‘आपल्यात असंच करतात’ म्हणणारी एखादी आत्या किंवा चुलती पुढे होते. अशा वेळी गेलेल्या माणसानेच आधी लिहून ठेवलेला कागद घरात असेल, तर थोरल्या दिराला किंवा मुलाला तो दाखवून त्या आत्याचा किंवा चुलतीचा हात अडवता येतो. कपाळावरच्या कुंकवाचे काय करायचे, हे मग त्या विधवेला तिच्या सवडीने ठरवता येते.