आतेसासूचे भूत आणि दागिन्यांची पेटी

नवी सून सासरी येते. घर जुने आहे, माणसे अनोळखी आहेत, आणि ज्या एका व्यक्तीशी तिची खरी ओळख होते ती मेलेली आहे. अपर्णा सेन यांच्या २०१३ मधील ‘गयनार बाक्स’ या बंगाली चित्रपटाची मूळ योजना एवढीच आहे. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. बालविधवा असलेली आतेसासू वृद्धपणी मरते. तिचे प्रेत प्रथम दिसते ते सोमलतेला. आणि ती घाबरून माणसे बोलावण्यापूर्वीच आतेसासूचे भूत तिला दरडावते, की घरच्यांच्या हाती लागण्याआधी माझी दागिन्यांची पेटी उचल आणि लपवून ठेव. पुढील सारी भीती आणि सारा विनोद या आज्ञेतून निघतो.

अशा कृतीला भयविनोदी म्हणून मोकळे होण्याकडे समीक्षेचा कल असतो. भय आणि हास्य या दोन रसांचे मिश्रण साधले की नाही एवढेच मग पाहिले जाते. परंतु या चित्रपटामागे बंगाली कथासाहित्याचा सव्वाशे वर्षांचा वारसा उभा आहे, आणि त्या वारशाच्या प्रकाशात पाहिले असता एक वेगळाच प्रश्न समोर येतो. सासरच्या घरातील भुताला बंगाली लेखकांनी हसण्याचा विषय का केला, आणि त्या हसण्यातून त्या भुताला काय मिळाले? माझ्या मते या परंपरेत भूत फारसे बदलत गेलेले नाही. त्याचे ऐकणारे माणूस बदलत गेले आहे. हा बदल क्रमाने पाहावा असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भुतांच्या नावांकडे लक्ष द्यावयास हवे. बंगाली लोकसमजुतीत भूत हे कधीच नुसते भूत नसते. हातात शंखाच्या बांगड्या घेऊन मेलेली सवाष्ण ती शांकचुन्नी. अतृप्त, बहुधा अविवाहित स्त्री मेली तर ती पेत्नी. ब्राह्मण मेला तर ब्रह्मदैत्य. पुरलेल्या धनावर पहारा करतो तो जख. माणसाचे कुळातील आणि संसारातील स्थान मृत्यूनंतरही त्याला चिकटून राहते. मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. मुंज झालेला पण लग्नापर्यंत न पोचलेला मुलगा आपल्याकडे मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते, संपत्तीत किंवा संततीत जीव अडकलेला पुरुष समंध होतो. दोन्ही भाषांतील ही यादी म्हणजे कुटुंबव्यवस्थेने ज्यांचे देणे चुकते केले नाही अशांचीच नोंदवही होय. भूत घरात राहते, कारण त्याचा घराशी हिशेब उरलेला असतो.

लालबिहारी दे यांनी १८८३ मध्ये बंगालच्या लोककथांचा जो इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला, त्यात एका भूत-ब्राह्मणाची कथा आहे. गरीब ब्राह्मण आई आणि बायको यांना मागे ठेवून धन मिळविण्यासाठी परगावी जातो; झाडावरचे भूत त्याचे रूप घेऊन घरात शिरते आणि कर्ता पुरुष म्हणून सुखाने नांदू लागते. खरा नवरा परत येतो तेव्हा त्यालाच दाराबाहेर उभे राहावे लागते. कथा हसविणारी आहे. तिचा निकाल गुराखी पोरांच्या चातुर्याने लागतो. मात्र या साऱ्या घोटाळ्यात घरातील सुनेला कोणी काही विचारीत नाही. तंटा आहे तो दोन पुरुषांचा, आणि घर हे त्या तंट्याचा विषय.

ही न विचारलेली सून साहित्याच्या मध्यभागी आली ती रवींद्रनाथांच्या कथांत. १८९२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी त्यांच्या ‘कंकाल’ आणि ‘जीवित ओ मृत’ या दोन कथा प्रकाशित झाल्या. ‘जीवित ओ मृत’मधील कादंबिनी ही जमीनदाराच्या घरातील विधवा भावजय. माहेरचे कोणी उरलेले नाही, सासरी स्वतःचे असे कोणी नाही. दिराच्या मुलावर तिचा सारा जीव. ती मेली असे समजून तिला स्मशानात नेतात आणि तेथे ती शुद्धीवर येते. यानंतरचा विलक्षण भाग असा, की आपण भूत आहोत हे प्रथम कादंबिनीलाच पटते. जिला जगताना घरात हक्काची जागा नव्हती, तिला जिवंत आणि मृत यांतील सीमा सहज ओलांडल्यासारखी वाटावी, यात लेखकाने फार मोठी गोष्ट सांगितली आहे. शेवटी ती घरी परतते, मी मेले नाही असे आक्रोशून सांगते, आणि कोणीही ऐकत नाही असे पाहून अंतःपुरातील तळ्यात उडी घेते. बोलणे येथे आहे, ऐकणारा नाही.

‘कंकाल’मधील भूत मात्र खुशाल बोलते. विद्यार्थिदशेत ज्या सांगाड्यावर निवेदक अस्थिविद्या शिकला, त्या सांगाड्याची मालकीण एका रात्री त्याच्या खोलीत येऊन आपली कहाणी सांगू लागते. ती बालविधवा, लग्नानंतर लवकरच नवरा मेला, सासऱ्याने तिला विषकन्या ठरविले आणि ती माहेरी परत आली. आपल्या रूपाविषयी ती ज्या ऐटीने बोलते, निवेदकाची ज्या लाडिकपणे थट्टा करते, त्यात पुढच्या साऱ्या विनोदी भूतिणींचा पूर्वज स्वर ऐकू येतो. पण तिचा श्रोता एक परका पुरुष आहे; घराशी त्याचा काही संबंध नाही. पहाट होते आणि गोष्ट संपते. तिने ऐकविलेल्या गोष्टीने कोणाच्याही आयुष्यात काही हलत नाही.

१८९८ मधील ‘मणिहारा’त दागिने येतात. फणिभूषणाला व्यापारात अडचण येते, तो पत्नीचे दागिने गहाण टाकण्याचा विचार करतो, आणि मणिमालिका ते सारे अंगावर घालून रातोरात घर सोडते. पुढे ती परतते ती अस्थिरूपाने, हाडाहाडावर सोने लेवून, अवाक्षर न बोलता. सत्यजित राय यांनी १९६१ मधील ‘तीन कन्या’त ही कथा चित्रित केली तेव्हाही तिचा भयाचा पिंड त्यांनी राखला. मणिमालिकेला लोभी म्हणणे सोपे आहे, आणि कथेतील शाळामास्तर निवेदक तिला जवळजवळ तसेच म्हणतो. परंतु त्या काळच्या स्त्रीजवळ दागिन्यांखेरीज स्वतःचे असे काय होते, हा प्रश्न कथा संपल्यावर उरतो. गंमत अशी, की कथा ऐकणारा अनोळखी गृहस्थ अखेरीस आपण स्वतःच फणिभूषण असल्याचे सांगतो, पण पत्नीचे नाव विचारल्यावर ‘नृत्यकाली’ हे भलतेच नाव उच्चारतो. भयाच्या टोकाशी आल्यावर रवींद्रनाथ असे एकदम हसतात.

हेच नाव पुढे परशुराम, म्हणजे राजशेखर बसू, यांच्या ‘भुशंडीर माठे’ या कथेत भेटते. हा योगायोग की हेतू याचा निर्णय करण्याचे कारण नाही. पण वाचकाने तो लक्षात ठेवावा. ही कथा १९२४ च्या ‘गड्डलिका’ या संग्रहात आहे. नृत्यकालीशी भांडून घराबाहेर पडलेला शिबू पटकीने मरतो, ब्रह्मदैत्य होऊन बेलाच्या झाडावर राहू लागतो आणि एकटेपणाला कंटाळून पुन्हा लग्नाचा विचार करतो. पेत्नी, शांकचुन्नी आणि डाकिनी या तिघी त्याच्या मनात भरतात. त्यांपैकी डाकिनी ही नृत्यकालीच निघते आणि उरलेल्या दोघी त्याच्या पूर्वजन्मीच्या बायका. इतक्यात नृत्यकालीचे पूर्वजन्मीचे नवरेही हक्क सांगत येतात. जन्मोजन्मीच्या विवाहबंधनाची कल्पना शब्दशः खरी मानली तर काय अनर्थ ओढवेल, याचे इतके तर्कशुद्ध आणि इतके निर्दय चित्रण क्वचितच झाले असेल. त्रैलोक्यनाथ मुखोपाध्यायांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लुल्लू’सारख्या कथेतून भुताला विनोदात आणले होते, परशुरामांनी त्याला सासर दिले. येथे सारी भुते बोलतात, किंबहुना एकदमच बोलतात. पण त्या कोलाहलात स्त्रीचा आवाज येतो तो भांडखोर बायकोचा. पुरुषाच्या फजितीवर आपण हसतो आणि नृत्यकालीला काय सांगावयाचे होते हे राहून जाते.

या कथांच्या मागे कायद्याचा एक इतिहास आहे. तो डोळ्यांआड केला तर दागिन्यांच्या पेटीचे वजन कळणार नाही. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग प्रमाण होता. पुत्र नसलेल्या विधवेला त्याने पतीच्या वाट्यावर हक्क दिला, पण तो मर्यादित. मिळकत उपभोगावी, स्वेच्छेने विकू नये. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणारीने पहिल्या पतीच्या मिळकतीतील हक्क गमवावा असेही ठरविले. १९३७ च्या कायद्याने विधवेचा वाटा वाढविला, तरी मर्यादा राहिली; ती गेली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. या दीर्घ काळात स्त्रीच्या पूर्ण मालकीची अशी गोष्ट म्हणजे स्त्रीधन, आणि स्त्रीधन म्हणजे व्यवहारात बहुधा दागिने. बालविधवेच्या बाबतीत तर यात क्रूर विसंगती होती. जे अंगावर घालावयाचे नाही तेच काय ते तिचे होते. ‘गयनार बाक्स’मधील आतेसासू आयुष्यभर त्या पेटीच्या धाकावर भावांच्या घरात दबदबा राखून राहते. ती जिवंतपणीच जख झालेली आहे.

आता त्या भुताचा विनोद कशात आहे हे पाहू. आतेसासू बोलते, आणि फार बोलते. चित्रपटात मौसमी चॅटर्जी यांच्या तोंडी पूर्व बंगालची खडी बोली आहे. फाळणीने सोडावयास लागलेला मुलूख तिच्या जिभेवर तसाच राहिला आहे. ती शिव्या देते, शाप देते, सुनेच्या शय्यासुखाचा हेवा करते, आणि तिला परपुरुषाकडे वळण्याचीही भर देते. आयुष्यभर ज्या वासनांचे नावही काढता आले नाही त्या मेल्यावर उघड बोलता येतात, हे तिच्या विनोदाचे मूळ आहे. आणि हे सारे ती कोणाला ऐकवते? कोंकणा सेन शर्मा यांनी उभ्या केलेल्या सोमलतेला. ही सून गरीब घरातली, भित्री आणि बोलताना अडखळणारी. भूत तिच्याखेरीज घरात कोणाशी बोलत नाही. कादंबिनीला जो श्रोता मिळाला नाही, ‘कंकाल’मधील स्त्रीला जो केवळ रात्रीपुरता आणि परका मिळाला, तो येथे एकाच घरात, एकाच दुय्यम पायरीवर उभी असलेली दुसरी स्त्री म्हणून मिळतो.

अनुवादकाला या ठिकाणी एक भाषिक अडचण भासते आणि ती उद्बोधक आहे. ‘पिसिमा’ म्हणजे आत्या. सोमलतेच्या नात्याने ती आतेसासू. पण घरात सारे तिला पिसिमाच म्हणतात, आणि सूनही. मराठीत ‘आत्याबाई’ म्हटले तर सासरचा धाक निसटतो, ‘आतेसासूबाई’ म्हटले तर जवळीक निसटते. शिवाय आत्या ही माहेरात अडकलेली, सून ही सासरात आलेली. घर मात्र एकच. एकीचे माहेर ते दुसरीचे सासर, आणि दोघींनाही ते पुरते आपले नाही. कथेचा सारा पेच त्या एका नात्यात साठवलेला आहे.

या ऐकण्याचे फळ चित्रपटात ठोस रूपाने दिसते. जमीनदारीचा नुसता आव राहिलेल्या त्या घरात पुरुष नोकरीधंद्याला कमीपणा मानतात. सोमलता पेटीतील दागिने गहाण टाकून साड्यांचे दुकान उभे करते. ‘मणिहारा’त दागिने गहाण पडण्याच्या भीतीने स्त्री घर सोडते, येथे दागिने गहाण टाकणारी स्त्रीच आहे. मालकीण भूत आकांत करते, सून ऐकून घेते आणि तरी आपले काम करते. अंगावर न घातलेले सोने प्रथमच भांडवल होते.

चित्रपटाच्या शेवटच्या भागाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. तिसऱ्या पिढीतील चैताली, १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धासाठी ते दागिने देऊन टाकते. गमावलेल्या मुलखाचे ऋण फेडण्याची कल्पना उदात्त आहे. परंतु औदात्त्य येताच हसू मावळते, आणि हसू मावळताच पिसिमाचा तो तिखट, स्वार्थी, जिवंत आवाजही क्षीण होतो. ज्या पेटीवर एका स्त्रीचा निखळ हक्क होता ती पुन्हा एकदा मोठ्या कार्याच्या स्वाधीन होते. देण्याचा निर्णय स्त्रीचाच आहे हे खरे, आणि हा फरक लहान नव्हे. तरीही दुकानाच्या भागात कृतीने जे सिद्ध केले होते त्याला या त्यागाची पुस्ती हवी होती असे वाटत नाही.

ही उणीव मान्य करूनही या कृतीचे ऐतिहासिक स्थान पक्के आहे. भयकथेत भीती माणसाला पळावयास लावते. सोमलतेला पळता येत नाही, कारण सासर सोडून जाण्यासारखी जागा तिला नाही. म्हणून घाबरलेली असतानाही तिला ऐकावे लागते. आधी धाकाने, मग सवयीने आणि अखेरीस समजुतीने ती ऐकू लागते. या तीन पायऱ्यांवर विनोद उभा आहे, आणि कादंबिनीचा आक्रोश ज्या भिंतींवर आपटून परतला होता, तशाच भिंतींच्या आत तो दुसऱ्या एका स्त्रीपर्यंत पोचला आहे.