तीन आण्यांत दोन मैल

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा सुरतेतला पहिला दिवस त्याचे निर्माते फाळके यांच्यावर चांगलाच शेकला. दिवसाचा गल्ला जेमतेम तीन रुपये. थिएटरवाल्याचा हिशेब सरळ होता. इथल्या माणसाला दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय. तुम्ही तीन आणे घेता आणि दीड तासात घरी पाठवता. एक तर खेळ लांबवा, नाहीतर दर उतरवा.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! त्यानंतर सुरतेचा गल्ला तीनशे रुपयांवर गेला, असं सांगतात.

या जाहिरातीचा हिशेब आज मांडून बघण्यासारखा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी साधारण ३,७०० फूट. एका फुटात १६ फोटो, म्हणजे एकूण ५९,००० च्या आसपास. फोटोंचा आकडा प्रामाणिक, उलट थोडा कमीच सांगितलेला. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! फिल्म पाऊण मैलही भरत नव्हती. तरी ही थाप बिनडोक नव्हती. सुरत हे व्यापाऱ्यांचं गाव. गिऱ्हाईक मापावर अडलं होतं, तेव्हा फाळक्यांनी त्याला मापातच उत्तर दिलं. चित्रपट कलेच्या दृष्टीने किती थोर, हे त्याला ऐकवून उपयोग नव्हता.

माल दाखवल्याशिवाय कोणी पैसा सोडत नाही, हे फाळके त्याआधीच शिकले होते. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आला, पण भांडवलाचा पत्ता नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म चालवत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढलेला पाहिला, तेव्हा यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. तेवढ्यानेही भागलं नाही, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच.

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. तिथे तो एकटा नव्हता. त्याच तिकिटात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू असा भरणा होता. नव्या मालाला जुन्या करमणुकीची सोबत दिलेली.

पुढे १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला तेव्हा असल्या युक्त्यांची गरजच उरली नाही. मद्रासेत नाण्यांची पोती बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आठवण सिनेमाच्या इतिहासात नोंदलेली आहे.

फाळक्यांनंतर धंद्यात वितरक आले, टक्केवारी आली, आणि कमी भांडवलाचा मराठी निर्माता पुन्हा थिएटरच्या दारात ताटकळू लागला. खेड्यात त्याला आधार होता तो तंबूचा. सातारा, सांगलीकडच्या जत्रांमध्ये ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर, भोवती कनात, आणि दिवसभर भोंग्यावरून गर्दीला हाका. शहरी समीक्षकांनी नाकं मुरडलेले कितीतरी मराठी चित्रपट या तंबूंनी जगवले. तो प्रेक्षक सुरतेच्या प्रेक्षकासारखाच रोकडा होता: आवडलं नाही तर शिट्ट्या, नाहीतर सरळ बाहेर.

शहरात वेगळाच उपाय चालला. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’साठी दादरचं कोहिनूर थिएटर मिळेना, कारण तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. दादांनी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकऱ्यांना गाठलं, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. दांडगाईच म्हणायची, ती सगळ्यांनाच कुठून परवडणार? पण थिएटर मिळवून देणं शिवसैनिकांच्या हातात होतं, प्रेक्षक टिकवणं नाही. ते काम दादांचं, आणि त्यात ते फाळक्यांच्या तोडीचे होते. त्यांच्या नऊ चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

२००४ मध्ये दिग्दर्शक संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीला तो ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मिळत होता. मग भारतातर्फे ‘श्वास’ ऑस्करला गेला आणि जुनाच प्रश्न नव्या गावात उभा राहिला. लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावायचे, जाहिरात करायची, तर पैसा कुठला? शाळकरी मुलांपासून नाटकवाल्यांपर्यंत अनेकांनी वर्गणी काढली, अमिताभ बच्चन यांनीही हातभार लावला. नामांकन मिळालं नाही. चित्रपट तयार झाल्यावर तो दाखवण्यासाठी दारोदार जाण्याची वेळ मात्र फाळक्यांनंतर नव्वद वर्षांनीही टळली नव्हती, आणि आजही टळलेली नाही.