वासाला उशीर का होतो?

वायूची उष्णता म्हणजे त्याच्या रेणूंची गती, हे प्रतिपादन झुरिकच्या पॉलिटेक्निकमधील प्राध्यापक रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५७ साली केले. त्यांनी वेगही काढून दाखवले. बर्फ वितळण्याच्या तपमानाला ऑक्सिजनचा रेणू सेकंदाला सरासरी ४६१ मीटर धावतो, तर हायड्रोजनचा १,८४४ मीटर.

दुसऱ्याच वर्षी डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी शंका काढली. धावत्या आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवून डॉपलरचा सिद्धान्त कानांनी पडताळणारे (१८४५) हेच ते गृहस्थ. रेणू असे बंदुकीच्या गोळीसारखे सुटत असतील, तर खोलीतला तंबाखूचा धूर थराथरांनी तरंगत का राहतो? एका कोपऱ्यात क्लोरीन सोडला तर दुसऱ्या कोपऱ्यात वास पोहोचायला काही मिनिटे का जावी लागतात?

क्लॉसियसनी १८५८ मध्ये उत्तर दिले. रेणूंना आकार आहे, म्हणून ते सरळ जात नाहीत. एकमेकांवर आपटून पदोपदी दिशा बदलतात. दोन टकरींमध्ये रेणू सरासरी जेवढे अंतर कापतो, तोच त्याचा ‘सरासरी मुक्त पथ’. असा भरकटत जाणारा रेणू दहापट दूर पोहोचायला शंभरपट वेळ घेतो. उत्तर चोख खरे, पण त्या पथाची लांबी क्लॉसियसना सांगता आली नव्हती. अडचण आली की एखादी अदृश्य राशी कल्पायची आणि तिच्याआड उभे राहायचे, ही पळवाटही असू शकते. तसा संशय त्या वेळी कोणी घेतला असता तर त्याला दोष देता आला नसता.

आकडा दिला जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी. वायूच्या श्यानतेवरून, म्हणजे वाहताना थराथरांत होणाऱ्या घर्षणावरून, त्यांनी हवेतला मुक्त पथ १८६० च्या निबंधात एका इंचाचा सुमारे ४,४७,००० वा भाग ठरवला. हे साधारण ५७ नॅनोमीटर झाले. आजचा आकडा ६८ च्या आसपास आहे. याच गणितातून एक विपरीत निष्कर्षही निघाला: वायू विरळ केला तरी त्याची श्यानता बदलत नाही. रेणू निम्मे झाले, तर प्रत्येक जण दुप्पट दूरवरून संवेग वाहून आणतो आणि हिशेब तेवढाच राहतो. खुद्द मॅक्सवेलना हे अनपेक्षित वाटले. शिवाय त्यांना आढळलेला एकमेव प्रयोग विरुद्ध साक्ष देत होता. सिद्धान्ताची खरी कसोटी इथे होती. तेव्हा केन्सिंग्टनच्या राहत्या घरी, पत्नी कॅथरीन यांच्या मदतीने, त्यांनी काचेच्या तबकड्या तारेला टांगून आंदोलित केल्या. दाब ३० इंचांवरून अर्ध्या इंचावर आणला, तरी तबकड्या त्याच गतीने मंदावत राहिल्या. हे निष्कर्ष १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान १८६५ मध्ये व्हिएन्नात योहान लोश्मिट यांनी हाच पथ वापरून हवेच्या रेणूचा व्यास काढला: मिलिमीटरचा सुमारे दहालक्षांश. आजच्या मानाने तो तिपटीने मोठा आहे, पण ज्या रेणूच्या अस्तित्वाबद्दलच वाद चालू होता, त्याला माप मिळाले.

एक गंमत मात्र उरतेच. खोलीतला वास मुख्यतः हवेच्या झुळुकांनी पसरतो. हवा पूर्ण निश्चल असती, तर केवळ रेणूंच्या भटकंतीने चार मीटरांवर वासाची चाहूल लागायलाही कित्येक तास आणि तो सर्वत्र सारखा व्हायला काही दिवस लागले असते. बाइस बॅलॉटना उशीर वाटलेली ती मिनिटे खरे तर फारच थोडी होती.